काच फुटत नाही पण वाकते, त्याचं काय? डिफ्लेक्शन नेमकं कुठे तपासायचं

इथे एकाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. बाहेरच्या बाजूचं रिबन ग्लेझिंग, म्हणजे काचांची सलग आडवी पट्टी, उंची १५०० मिमी, काच फक्त खाली सिलला आणि वर हेडला धरलेली, उभ्या कडा मोकळ्या, काचेला काच भिडवून मधल्या १२ मिमीच्या फटीत सिलिकॉन. वाऱ्याचा लोड १.५ किलोपास्कल. ८ मिमी टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच घेतली तर स्ट्रेस, म्हणजे काचेतला ताण, येतो ४० एमपीए (मेगापास्कल) आणि मध्यभागी डिफ्लेक्शन, म्हणजे काच वाकून किती सरकते ते, ३३ मिमी. कन्सल्टंट म्हणतोय स्पॅन/१७५ मध्ये, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या १७५व्या भागात, बसवा, फॅब्रिकेटर म्हणतोय टफन्ड आहे साहेब, वाकली तर वाकली, फुटणार थोडीच आहे. तर बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही अर्धेअर्धे बरोबर आहेत आणि दोघांचंही लक्ष चुकीच्या जागी आहे. काचेच्या मधोमध काय होतं यावर वाद चाललाय, आणि मधोमध बिचाऱ्या काचेला काहीच होत नाहीये. जे काही बिघडतं ते कडेला बिघडतं.

पण त्याआधी एक गोष्ट विचारून घ्या, हा १.५ किलोपास्कल फॅक्टर (सुरक्षेसाठी लोड वाढवायचा गुणक) लावलेला आहे की न लावलेला? स्ट्रेंथ चेकसाठी काढलेला फॅक्टर्ड लोड तसाच उचलून डिफ्लेक्शनला वापरलेला मी इतक्या वेळा बघितलाय की आता पहिला प्रश्न हाच विचारतो. डिफ्लेक्शन ही सर्व्हिसेबिलिटीची, म्हणजे रोजच्या वापरात नीट चालण्याची, गोष्ट आहे, तिथे फॅक्टर न लावलेला लोड घ्यायचा. समजा तुमच्या १.५ मध्ये आधीच दीडचा फॅक्टर असेल तर खरा लोड १.० आणि ३३ चे होतात २२ मिमी, म्हणजे अर्धा वाद तिथेच मिटला. पुढचं सगळं मी १.५ हाच खरा सर्व्हिस लोड आहे असं धरून लिहितोय.

आता फॅब्रिकेटरचं म्हणणं. टफन्ड आहे म्हणून फुटणार नाही हे खरंय, टफन्डची कॅरॅक्टरिस्टिक स्ट्रेंथ (हिशोबात धरायची किमान ताकद) युरोपियन कोडमध्ये १२० एमपीए धरतात, साध्या अॅनिल्ड काचेची ४५, हीट स्ट्रेंदन्डची, म्हणजे टफन्डपेक्षा कमी मजबूत केलेल्या काचेची, ७०. तुमचा ४० म्हणजे सेफ्टी फॅक्टर लावूनही भरपूर जागा उरते. पण टफनिंगने काय होतं, तर काचेच्या पृष्ठभागावर कॉम्प्रेशन बसतं, बस. काचेचा ई, म्हणजे ताठपणाचा आकडा, तोच राहतो, ७० गिगापास्कलच्या आसपास, अॅनिल्ड असो हीट स्ट्रेंदन्ड असो की टफन्ड. त्यामुळे ८ मिमी अॅनिल्ड जेवढी वाकते तेवढीच ८ मिमी टफन्ड वाकते, एक मिमी कमी नाही. उलट टफन्डमुळे प्रॉब्लेम वाढतो असं मी म्हणेन, कारण ताकद जास्त म्हणून आपण पातळ काच घेतो आणि पातळ काच जास्त वाकते. अॅनिल्डच्या जमान्यात स्ट्रेंथसाठीच जाड काच लागायची, डिफ्लेक्शन त्यातच आपोआप आटोक्यात यायचं, वेगळं बघावं लागत नव्हतं.

हिशोब कसा येतो तेही बघून घ्या, कारण पुढे हेच आकडे लागणार आहेत. दोन बाजूंनी टेकलेली काच म्हणजे साधा बीम, पाच गुणिले लोड गुणिले स्पॅनचा चौथा घात, भागिले ३८४ ई आय. आय (काचेच्या छेदावरून येणारा आकडा) मध्ये जाडीचा घन आहे आणि वर स्पॅनचा चौथा घात आहे, सगळी गंमत इथेच आहे. १५०० स्पॅन आणि १.५ किलोपास्कलला ८ मिमी काच ३३ मिमी वाकते, १० मिमी १७, १२ मिमी ९.८ आणि १५ मिमी जेमतेम ५. स्ट्रेस मात्र जाडीच्या वर्गाने बदलतो, ८ ला ४० होता तो १० ला २५. म्हणून जाडी थोडी वाढवली की डिफ्लेक्शन धाडकन खाली येतं. आणि हेच उलट्या बाजूनेही लागू होतं, १० मिमी म्हणून आलेली काच ९.७ भरली, जी टॉलरन्समध्ये बसते, तर डिफ्लेक्शन साडेनऊ टक्के वाढलं. एएसटीएम या अमेरिकन मानकांच्या पद्धतीत तर नॉमिनल, म्हणजे नावापुरती, जाडी वापरतच नाहीत, किमान जाडी वापरतात, तिथे १० मिमी काच ९.०२ धरायची, म्हणजे डिफ्लेक्शन सरळ ३६ टक्के जास्त. दोन इंजिनिअरांचे आकडे जुळत नसले की पहिल्यांदा हे तपासा, सॉफ्टवेअरवर नंतर संशय घ्या.

आता कन्सल्टंटचं स्पॅन/१७५. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, पण तो काचेच्या मध्यासाठी नाहीये! अमेरिकन आयबीसी या बिल्डिंग कोडमध्ये तो आहे काचेच्या टेकलेल्या कडेसाठी, म्हणजे ज्या फ्रेमवर काच बसलीये त्या फ्रेमने किती वाकायचं याची मर्यादा: कडेच्या लांबीच्या १/१७५ किंवा १९ मिमी, जे कमी असेल ते. कारण सरळ आहे, काचेच्या जाडीचे सगळे चार्ट आणि फॉर्म्युले कड घट्ट धरलेली आहे असं मानून बनवलेत, फ्रेमच झुलायला लागली तर ते लागूच होत नाहीत. युरोपात कर्टन वॉलच्या (इमारतीवर बाहेरून टांगलेल्या काचेच्या भिंतीच्या) फ्रेमला ईएन १३८३० हे मानक आहे, ३ मीटरपर्यंत स्पॅन/२००, त्याच्यापुढे साडेसात मीटरपर्यंत ५ मिमी अधिक स्पॅन/३००, आणि त्याहून मोठ्याला स्पॅन/२५०. हेही फ्रेमचंच. खुद्द काचेच्या मध्यासाठी जिथे आकडा दिलाय तिथे तो बराच सैल आहे, ऑस्ट्रेलियन एएस १२८८ मध्ये स्पॅन/६०, ईएन १६६१२ मध्ये स्पॅन/६५ किंवा ५० मिमी यातलं कमी.

तुमच्या केसमध्ये याचा अर्थ काय? स्पॅन/१७५ म्हणजे ८.६ मिमी. १२ मिमी काच ९.८ देते, नापास. मग थेट १५ मिमी, चौरस मीटरला साडेसदतीस किलो, फक्त एका चुकीच्या जागी लावलेल्या आकड्यापायी. आणि स्पॅन/६५ म्हणजे २३ मिमी, त्यात तुमची ८ मिमीची ३३ पण नापास. म्हणजे फॅब्रिकेटरही सुटत नाही. १० मिमी १७ देते, ती कोडमध्ये आरामात बसते.

मग १० मिमी घ्या आणि मोकळे व्हा? इथेच थांबायचं, कारण आता आपण कडेला आलो.

मधल्या काचा सगळ्या एकत्र वाकतात, एकीची उभी कड १७ मिमी बाहेर गेली तर शेजारणीचीही तेवढीच गेली, मधल्या सिलिकॉनला फारसं कळतही नाही. पण रिबनच्या शेवटच्या काचेचं काय? तिच्या एका बाजूला भिंत किंवा अॅल्युमिनियमचा जॅम्ब (बाजूची उभी चौकट) आहे, तो हलत नाही. म्हणजे त्या १२ मिमीच्या जॉइंटच्या एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला, मध्यउंचीवर, १७ मिमी. सिलिकॉन तिरकं ताणलं जातं, १२ चा वर्ग अधिक १७ चा वर्ग, वर्गमूळ जवळपास २१, म्हणजे १२ मिमीचं सीलंट २१ मिमी झालं, सत्तर टक्क्यांच्या वर ताण. चांगल्या वेदर सीलंटची (पाणी अडवणाऱ्या सिलिकॉनची) मूव्हमेंट कपॅसिटी, म्हणजे न सुटता ताणलं जाण्याची मर्यादा, २५ किंवा ५० टक्के असते. ८ मिमी काच असती तर ३३ मिमीला ते सीलंट ३५ मिमी झालं असतं, जवळपास तिप्पट. पहिल्या मोठ्या वादळात मध्यउंचीवर चिकटलेली बाजू सुटणार, फुटाभराची चीर, आणि तिथून पाणी. मग साइटवर कोणीतरी म्हणणार सीलंटची क्वालिटी खराब होती आणि परत तेच सीलंट त्याच फटीत भरणार.

५० टक्क्यांच्या सीलंटला आडवी सरक जॉइंटच्या रुंदीच्या साधारण १.१ पट चालते, २५ टक्क्यांच्या सीलंटला पाऊणपट. १२ मिमी जॉइंटला म्हणजे १३ मिमी आणि ९ मिमी. त्यातून तापमानाची हालचाल वजा करायची आहेच. तर तुमच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. एक, १२ मिमी काच, ९.८ मिमी डिफ्लेक्शन, ५० टक्क्यांचं सीलंट, जॉइंट आहे तसाच ठेवा. दोन, १० मिमी काच आणि फक्त टोकाचे दोन जॉइंट २० मिमीचे करा, सीलंट ५० टक्क्यांचंच, १७ मिमी तिथे सामावतं. मी दुसरा निवडेन, वजन कमी आणि मधल्या जॉइंटची रेघ तशीच राहते, आर्किटेक्टला टोकाची रुंद फट पटवावी लागेल तेवढंच. काही जण म्हणतात टोकाची काच जॅम्बला पण धरा, तीन बाजूंनी होईल. होईल, पण काच रुंद असेल तर तिची दुसरी मोकळी कड जवळपास पूर्ण वाकतेच, आणि जॅम्बपाशी शून्य, म्हणजे काच पिळली जाते. चालतं, पण मग ती काच वेगळी मॉडेल करून बघा, बीमचा फॉर्म्युला तिला लावू नका. आणि वेदर सीलंट काचेला थोडंफार धरून ठेवतं म्हणून डिफ्लेक्शन कमी येईल असला हिशोब अजिबात करू नका, ते त्याचं काम नाहीये.

वरच्या आणि खालच्या कडेला काय होतं तेही बघा. लोकांना भीती वाटते की काच वाकून आखूड होईल आणि खोबणीतून निसटेल. ३३ मिमी वाकल्यावर काच किती आखडते, तर ८ गुणिले डिफ्लेक्शनचा वर्ग भागिले ३ स्पॅन, २ मिमीसुद्धा नाही, दोन्हीकडे मिळून. निसटणं वगैरे विसरा. पण कड फिरते, ३३ मिमीला ४ अंश. १५ मिमीची बाइट, म्हणजे खोबणीत शिरलेला काचेचा भाग, असेल तर खोबणीत काच जवळपास १ मिमी कलते, एका बाजूचं गॅस्केट चेपतं आणि दुसऱ्या बाजूचं सुटं होतं, वारा आत-बाहेर करतोय म्हणजे हे हजारो वेळा, आणि गॅस्केट हळूहळू सरकत बाहेर येतं. कोपऱ्यावर गॅस्केट लोंबताना दिसलं की बहुतेक वेळा हेच कारण असतं. १२ मिमी काचेला हा कोन सव्वा अंशाच्या आत राहतो.

हेडबद्दल अजून एक, जरी हे काचेचं डिफ्लेक्शन नसलं तरी. वरचा स्लॅब लाइव्ह लोडने खाली येतो. तो १० मिमी येणार असेल तर हेड चॅनलमध्ये काचेच्या वर १० मिमी अधिक टॉलरन्स एवढी मोकळी जागा हवी, आणि ती जागा ठेवूनही स्लॅब वर असताना बाइट पुरेशी उरली पाहिजे. ही फट नसेल तर स्लॅब काचेवर बसतो आणि उभ्या दाबाखाली पातळ काच आडवी फुगते. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबच्या कडेचा आकडा लेखी मागा, काच बसवल्यानंतर येणारं डिफ्लेक्शन किती हे विचारा, एकूण किती हे नाही.

आता चार बाजूंनी धरलेल्या काचेचं, कारण अजून एकाने विचारलंय की मुलियन (काचांमधले उभे खांब) घातले तर? तीच ८ मिमी काच १५०० बाय २४००, चारही बाजू टेकलेल्या, तोच लोड. साध्या प्लेट थिअरीने २० मिमी येतात. पण २० मिमी म्हणजे जाडीच्या अडीचपट, एवढं वाकल्यावर काच नुसती वाकत नाही तर ताणलीही जाते, मधला भाग कडांना आत ओढतो आणि त्या एकमेकींना धरून ठेवतात, मेम्ब्रेन अॅक्शन. त्यामुळे नॉनलिनिअर हिशोबाने, एएसटीएम ई १३०० च्या पद्धतीने, उत्तर १४-१५ मिमीच्या आसपास येतं. डिफ्लेक्शन जाडीच्या अर्ध्यापेक्षा वर गेलं की लिनिअर उत्तरावर विसंबू नका, ते जास्त दाखवतं. मात्र हा फायदा दोन बाजूंच्या काचेला मिळत नाही, तिच्या कडा आत सरकायला मोकळ्या असतात, तिथे ३३ म्हणजे ३३. सॉफ्टवेअरमध्ये नॉनलिनिअरचं बटण दाबून ३३ चे २० झाले तर तुम्ही सपोर्ट चुकीचे दिलेत, कडा काचेच्या पातळीत आत सरकू नयेत अशा लॉक केल्यात.

लॅमिनेटेडवर, म्हणजे मध्ये थर घालून चिकटवलेल्या काचांवर, जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. कोणीतरी म्हणणार सेफ्टीसाठी १२ ऐवजी ६ अधिक ६ पीव्हीबी (मधला प्लास्टिकचा थर) टाकू, जाडी तीच. जाडी तीच नाहीये. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी आहे, तो किती ताठ आहे त्यावर त्या दोघी एकत्र वागणार की वहीच्या पानांसारख्या एकमेकींवर घसरणार हे ठरतं. आणि पीव्हीबीचा ताठपणा तापमान आणि लोड किती वेळ राहतो यावर अवलंबून असतो. ६ अधिक ६, मध्ये १.५२ मिमी, स्पॅन १५००, याची डिफ्लेक्शनसाठीची इफेक्टिव्ह जाडी, म्हणजे तेवढीच वाकणाऱ्या एकसंध काचेची जाडी, काढली तर: इंटरलेयरचा (मधल्या थराचा) शिअर मॉड्युलस, म्हणजे घसरण्याला विरोध करणारा ताठपणा, ८ एमपीए धरला, म्हणजे थंड हवा आणि तीन सेकंदांची झुळूक, तर १२.९५ मिमी, एकसंध १२ पेक्षाही चांगली. ०.४४ धरला, म्हणजे तापलेली काच आणि तशीच झुळूक, तर ९.८. आणि ०.०५ धरला, गरम हवा आणि बराच काळ टिकणारा लोड, तर ८ ला टेकली, जवळपास दोन सुट्या काचाच, त्यांची ७.५६ येते. तीच काच, तोच लोड, सव्वाचारपट फरक!

तुमच्या रिबनला हे लावून बघा. उन्हात तापलेली ६ अधिक ६, वादळाची झुळूक, १८ मिमी. म्हणजे १२ मिमीची काच समजून १२ मिमीचा जॉइंट ठेवला होता तो गेला. आयनोप्लास्ट इंटरलेयर घेतला तर तो पीव्हीबीपेक्षा कितीतरी ताठ असतो, पण महाग, आणि फक्त वाऱ्यासाठी उभ्या काचेला तो घ्यायची गरज मला क्वचितच वाटते, जॉइंट रुंद करणं स्वस्त पडतं. तिरक्या आणि आडव्या काचेची गोष्ट वेगळी. तिथे काचेचं स्वतःचं वजन कायम असतं, १२ मिमीला ०.३ किलोपास्कल, आणि कायमच्या लोडला पीव्हीबी जवळजवळ काही मदत करत नाही, तेव्हा स्वतःच्या वजनासाठी सुट्या काचा धरूनच मोजा, वाऱ्यासाठी वेगळं मोजा आणि मग बेरीज करा. उतार कमी असेल तर वाकलेल्या जागी पाणी साचतं, पाण्याचं वजन अजून वाकवतं, म्हणून तिथे स्पॅन/६५ वर समाधान मानू नका, उतार आणि डिफ्लेक्शन एकत्र बघा, सगळ्यात वाईट परिस्थितीतही खालच्या कडेकडे उतार उरला पाहिजे.

डीजीयू (मध्ये हवा कोंडून सील केलेली दुहेरी काच) असेल तर लोड दोन काचांमध्ये जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाटला जातो, ८ अधिक ६ मध्ये ८ वाली ७० टक्के घेते, कोणती बाहेर आहे याने फरक पडत नाही, मधली कोंडलेली हवा दोघींना बांधून ठेवते. तीच हवा त्रासही देते. युनिट सील झालं तेव्हापेक्षा हवा ३० अंशांनी तापली तर काच हललीच नाही असं धरून दर अंशाला ०.३४ किलोपास्कल म्हणजे १० किलोपास्कलचा दाब होतो, आणि युनिट सील झालं ती जागा आणि साइट यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत फरक असेल तर दर मीटरला ०.०१२. मोठी काच फुगून हा दाब बहुतेक सोडून देते, लहान आणि जाड काच फुगू शकत नाही, तिथे तो दाब काचेवर आणि एज सीलवर बसतो. म्हणून लहान डीजीयूमध्ये जाड काच टाकून डिफ्लेक्शन कमी केलं म्हणून खूश होऊ नका. आणि दोन बाजूंनी धरलेला डीजीयू मला मुळातच आवडत नाही, मोकळ्या कडेचं सील काचेबरोबर वाकतं आणि दोन काचांमध्ये घासाघीस होते, तिथे मात्र स्पॅन/१७५ सारखी कडक मर्यादा मीही लावेन, कारण तिथे कड हीच वाकणारी जागा आहे.

रेलिंगच्या काचेबद्दलही विचारणा झालीये. खाली चॅनलमध्ये धरलेली, १.१ मीटर उंच, वर ०.७४ किलोन्यूटन प्रति मीटर लाइन लोड. १२ मिमी टफन्डचा स्ट्रेस फक्त ३४ एमपीए पण वरचं टोक साडेबत्तीस मिमी जातं, ब्रिटिश बीएस ६१८० ची मर्यादा २५ आहे. १५ मिमी घेतली तर साडेसोळा-सतरा, पास. कागदावर पास! चॅनल आणि त्याचे बोल्ट अर्धा अंश फिरले तरी वर अजून साडेनऊ मिमी येतात आणि एकूण २६. काचेच्या जाडीवर वाद घालण्यापेक्षा बेस चॅनलचा अँकर आणि त्यातली पॅकिंग बघा, माणसाला रेलिंग हलतंय असं वाटतं ते बहुतेक वेळा तिथूनच हलत असतं.

शेवटी मॉकअप टेस्टचं, म्हणजे नमुन्याचा भाग उभा करून त्यावर दाब देऊन बघण्याचं, कारण प्रश्न विचारताना तुम्ही ती करणार आहात असंही लिहिलंय. नुसता काचेच्या मध्यावर गेज (सरक मोजायचं उपकरण) लावून येणारा आकडा हा काच अधिक फ्रेम असा एकूण असतो, त्याची स्पॅन/६५ शी तुलना करून लोक उगाच घाबरतात. टेकलेल्या कडांच्या मध्यावरही गेज लावा, त्यांची सरासरी मध्यातून वजा करा, ते काचेचं नेट डिफ्लेक्शन. कडांच्या गेजचे आकडे स्पॅन/१७५ शी ताडून बघा, कन्सल्टंटचा आकडा इथे त्याच्या योग्य जागी आहे. आणि टोकाच्या जॉइंटला, मध्यउंचीवर, जॅम्बवर एक आणि काचेच्या कडेवर एक असे दोन गेज हट्टाने लावून घ्या, लॅबवाले हे स्वतःहून लावत नाहीत. त्या दोघांतला फरक जॉइंटच्या रुंदीशी ताडून बघा आणि मगच सीलंटची ऑर्डर द्या.